उद्याचं सूप

हिस्टॉरिकल सोसायटीतली पोरगी विचारते,
पॅलेस लंच नक्की कुठे होतं,
एक्केचाळीस नंबरला की त्रेचाळीस?
तिच्या नकाशात मेन स्ट्रीट
पट्टीनं आखल्यासारखा सरळ.
अगं, तो कधीच सरळ नव्हता.
बँकेपाशी नदीकडे कलायचा,
दर हिवाळ्यात तिथं एखादी पावाची गाडी उलटायची,
आणि पावांचा आकडा
दोन पेपरांत दोन तऱ्हांनी यायचा.

हो, दोन. कोल्डर्स फेरीसारख्या एवढ्याशा गावाला
सकाळचा लेजर, गिरणीमालकाचा,
संध्याकाळचा कुरिअर, त्याच्या मेव्हण्याचा.
त्यांचं घरात पटत नव्हतं
म्हणून आम्हाला बातम्या मिळायच्या.

मी कुरिअरच्या तळघरात, छोट्या जाहिराती घ्यायला.
पलीकडे ऑर्व्हिल टीडेमान खिळे जुळवायचा;
उलटी अक्षरं सरळ वाचायचा
आणि सरळ माणसं उलटी.
दुपारी तीनला फोन वाजे.
हॅलो नाही, काही नाही. कापारेलिसचा घसा:
"लिही. उद्या, वाटाणा."
किंवा "उद्या, कोंबडी-लिंबू."
शेवटच्या पानाच्या तळाशी दोन ओळी,
दिवसाला चाळीस सेंट, महिनाअखेर रोख,
नोटांना कांद्याचा वास.

गिरणीत संप झाला त्या वर्षी
सलग सतरा दिवस "उद्या, कोबी".
अग्रलेख कोण वाचतो!
लोक खालून वर पेपर वाचायचे,
कोबी दिसला की घडी घालून ठेवायचे.
अठराव्या दिवशी गोमांस-बार्ली छापलं
आणि भोंगा वाजायच्या आधीच
वॉटर स्ट्रीटवर माणसं डबे घेऊन उभी.

नदी चढली त्या मार्चमध्ये लेजर निघालाच नाही.
आम्ही काढला. चर्चच्या माळ्यावर,
सायक्लोस्टाइलवर, एकच पान:
बेपत्ता तिघे, पूल बंद, पाणी उकळून प्या.
खाली दोन ओळी उरल्या होत्या.
"उद्या, काही नाही. चूल पाण्यात आहे."
त्याचे पैसे मी घेतले नाहीत.
महिनाअखेर त्यानं ते दिलेच.

पोरगी लिहून घेते. बाकीची हॉटेलं विचारते.
फायलीत आहेत ती सगळी सांगते मी:
लेंका ह्राबोव्स्काचं, स्टेशनसमोरचं, बोलिंगखालचं.
मग आठवतं, मॉय बंधू.
त्यांनी जाहिरात कधी दिली नाही,
म्हणून तीस वर्षांच्या पेपरात त्यांचं नाव नाही.
आणि छपाई संपली की रात्री एकला
आम्ही सगळेच्या सगळे तिथंच जेवायचो.
ऑर्व्हिल तर त्यांच्या धाकट्याला
जुने खिळे देऊन अक्षरं शिकवायचा.
हे कुठं लिहू, ती म्हणते, पुरावा काय?
मी म्हणते, माझं वजन.

हायवे गावाबाहेरून गेला.
आधी लेजर कुरिअरमध्ये मिसळला,
मग दोन्ही मिळून कशातच नाहीत.
शेवटच्या अंकात मालकानं वाचकांचे आभार मानले
पावणेदोन कॉलम.
तळाशी मी नेहमीसारखं घातलं: "उद्या, वाटाणा."
कुणाच्या ध्यानात आलं नाही
की उद्या पेपरच नाही.
वाटाण्याला मात्र गर्दी झाली.

दुसऱ्या दिवशी तीनला माझ्या घरचा फोन वाजला.
"लिही," तो म्हणाला.
कशात लिहू, विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही.
किराण्याच्या वहीत लिहिलं.
मग ती वही भरली, दुसरी आणली.
अकरा वर्षं, रविवार सोडून.
त्यात गाव आहे बघ:
मसूर वाढत गेला, मांस कमी होत गेलं,
शुक्रवारची मासळी एका वर्षी बंद पडली,
त्याच वर्षी सेंट सिरिल चर्चला कुलूप.

नंबर? पत्ता एक्केचाळीसचा,
दार त्रेचाळीसच्या भिंतीत.
पोस्टमन नवा असला की चुकायचा.
दोन्ही लिही.

शेवटच्या वहीचं शेवटचं पान तिला दाखवत नाही.
त्या दिवशी फोन उशिरा आला, साडेतीनला,
मागे भांड्यांचा आवाज नव्हता.
"लिही," म्हणाला, आणि मग बराच वेळ
नुसता श्वास.
"उद्या,
अजून ठरलं नाही."